शनिवारचे हात

एस्तेर, आरंभीच क्षमा मागते. जिने सारे आयुष्य इतरांच्या निबंधांतील ऱ्हस्वदीर्घ सुधारण्यात घालवले आणि स्वतःच्या नावाने दोन ओळीही कधी छापल्या नाहीत, तिने या वयात लेखणी उचलावी, आणि तीही अलंकारिक भाषेची टिंगल करणाऱ्या गणिताच्या बाईंविषयी लिहिण्यासाठी, हा आगाऊपणा आहे हे मला समजते. तुझ्याविषयी लिहिण्याचा माझ्याहून अधिक अधिकार असलेली माणसे आहेत. तुझा भाऊ आहे, तुझे विद्यार्थी आहेत. परंतु तुझ्या शोकसभेसाठी 'चार चांगले शब्द' लिहून द्या असे भाऊसाहेबांनी मला सांगितले आणि जाता जाता एक अटही घातली. ती ऐकल्यापासून गप्प बसणे मला लिहिण्यापेक्षाही अवघड झाले आहे.

"बाई, तुमी शिकलेल्या. छान लिवा," ते म्हणाले. "फक्त ते बसचं तेवढं काडू नका. लोकांच्या भावना दुखावत्यात."

म्हणून मी बसचेच लिहिते आहे.

भाऊसाहेब कोण, हे तुला सांगायला नको. पण हे इतरही वाचतील, म्हणून सांगते. नगरला त्यांचे शेतीच्या अवजारांचे दुकान आहे आणि दर शनिवारी सकाळच्या बसने ते शिंगणापूरला दर्शनाला जातात. तीच बस वाटेत शिंगणापूरच्या फाट्यावर वळली की घोडेगावला थांबते. तिथल्या शाळेत मी मराठी शिकवत होते, तू गणित शिकवत होतीस, आणि मी निवृत्त होईपर्यंत आपण दोघी त्याच बसने जात होतो: मी खिडकीशी आणि तू तुझ्या चाकांच्या खुर्चीत.

त्या बसचे आठवड्यात दोन स्वभाव होते. सोमवार ते शुक्रवार तू सामान होतीस. तुझी खुर्ची चढवायची म्हटली की कंडक्टर गोरख सुस्कारा सोडायचा, दुधाच्या किटल्या घेऊन उभा असलेला एखादा माणूस नाइलाजाने दुसरी बाजू उचलायचा आणि बाकीच्या साऱ्यांना नेमके तेव्हाच मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचे सापडायचे. शनिवारी मात्र तू एकदम दुर्मिळ वस्तू व्हायचीस. शनिदेव स्वतः पायाने अधू, म्हणून शनिवारी अधू माणसाची सेवा केली की तो प्रसन्न होतो, असा काहीतरी हिशेब आपल्या सहप्रवाशांनी मनाशी मांडलेला होता. ज्या बाईचे आजोबा गावोगाव येशूची शुभवार्ता सांगत फिरले, तिला आपण दर आठवड्याला शनिदेवाच्या खात्यावर जमा करतो आहोत, याची त्या बिचाऱ्यांना कल्पनाही नव्हती. तुला होती. तू त्यावर मनसोक्त हसायचीस.

"आरं, सरक की! माजा हात लागू दे."

"तुमी मागच्या शनिवारी धरलं हुतं ना? आज आमची पाळी."

"पाळी कसली? देवाच्या कामात पाळी नसती. बाई, तुमी बसा निवांत."

"मी बसलेलीच आहे हो," तू म्हणायचीस. "जन्मभर बसलेलीच आहे. तुम्ही जरा बाजूला व्हा, मला ब्रेक लावू द्या."

तुझे ते वाक्य ऐकायला कुणी मोकळे नसायचे. त्यांना तुझी खुर्ची हवी होती, तू नको होतीस. ती तेल घालणारी म्हातारी आठवते? देवाला वाहायला आणलेल्या तिळाच्या तेलातले थोडे तिने बाटली तिरपी करून तुझ्या चाकांवर ओतले आणि वर तुझ्या गुडघ्यांना हात लावून नमस्कार केला. "देवाच्या पायात गती येऊ दे, माय," असे ती पुटपुटली. तू शांतपणे म्हणालीस, "आजी, गती नकोय. थांबणं हवंय. आता हा ब्रेक लागणार नाही." ती सद्गदित झाली. तिला वाटले, तू आशीर्वाद दिलास. त्या दिवशी शाळेच्या उतारावर मी तुझी खुर्ची मागून धरून उभी होते आणि तू रॉकेलच्या चिंधीने ब्रेकचे रबर पुसत पुसत, वाकल्यामुळे धापा टाकत, मोठमोठ्याने हसत होतीस.

आणि ते उडीद. शनिवारी तुझ्या मांडीवर मूठमूठ काळे उडीद पडायचे. त्याबाबत माझ्यासारख्या घरातल्या मुलीवर जे संस्कार होतात ते माझ्यावरही झाले होते. ते धान्य देणाऱ्याची पीडा घेऊन येते, त्याला शिवू नये, असे मला लहानपणी सांगितलेले होते. तू ते निवडून, धुऊन, रविवारी चर्चमधून आल्यावर त्यांचे घुटे, म्हणजे घोटलेली दाट आमटी, करायचीस आणि मला फोन करायचीस, "विमल, ये. देवाघरचं घुटं आहे." पहिल्या खेपेस मी ताटावर बसून राहिले. तू लसणाची फोडणी माझ्या नाकाखाली नेऊन म्हणालीस, "बघ, साडेसातीला किती चांगला वास येतो." त्यानंतर कुणाकुणाची साडेसाती आपण दोघींनी बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ली, ते त्या शनिदेवालाच ठाऊक. ते घुटे मला पुन्हा मिळणार नाही. हे वाक्य मी तीन वेळा अधिक सुंदर करून पाहिले आणि तीनही वेळा खोडले. ते घुटे मला पुन्हा मिळणार नाही.

मग आगारात नव्या गाड्या आल्या. खालच्या पायरीच्या, बाहेर उलगडणारी उताराची फळी असलेल्या, आणि आत मधल्या दारासमोर चाकांच्या खुर्चीसाठी राखलेली जागा. तिथे जमिनीत कड्या बसवलेल्या आणि खुर्ची त्यांना जखडून ठेवणारा जाड पट्टा. तुझ्या खुर्चीला तो नीट बसतो का, हे तू गाड्यांच्या उद्घाटनाच्या समारंभातच पाहणार होतीस. पण त्या दिवशी तुझ्या जागेत केळीचा खांब होता. मंडपाचे दोन खांब दारांना बांधून झाले, तिसरा उरला, म्हणून कुणा उत्साही माणसाने तो गाडीत उभा केला आणि डुलू नये म्हणून त्या पट्ट्याने करकचून बांधला. पाहुण्यांनी नारळ फोडला तो नेमका उताराच्या फळीच्या बिजागरीवर. त्या दिवसापासून ती फळी लाथ घातल्याशिवाय उलगडली नाही. छायाचित्रासाठी तुला तीन वेळा वर चढवून तीन वेळा खाली आणण्यात आले. तिसऱ्या खेपेस पाहुणे म्हणाले, "ताई, जरा हसा." तू म्हणालीस, "केळीला हसायला सांगा. पट्टा तिला मिळालाय."

तू असेपर्यंत त्या गाडीतला पट्टा इतक्या निगुतीने बांधलेला मी पाहिला, तो त्या एकदाच.

पुढे त्या जागेत टोमॅटोची कॅरेटे आली, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आले, कुणाची सायकल आली. तू आलीस की ती हलवली जायची. पट्टा मात्र बाकाखाली गुंडाळून टाकलेला. पहिल्या शनिवारी तू तो मागितलास तेव्हाचा संवाद मला जसाच्या तसा आठवतो, कारण त्यातच पुढचे सारे होते.

"गोरख, पट्टा लाव."

"बाई, वाकायला जागा हाय का बगा? आन् मागनं लोकं वरडत्यात."

तेवढ्यात भाऊसाहेब पुढे सरसावले. "पट्टा? आवो बाई, आमचे हात काय मेलेत व्हय? आमी धरतो की चौघं! पट्ट्यानं काय बांदायचं मानसाला, जनावर हाय का?"

सारी गाडी वाहवा म्हणाली. एका वाक्यात त्यांनी तुझी सुरक्षितता अपमान ठरवली आणि स्वतःचे हात संस्कृती ठरवले. माझ्या शिक्षकी कारकिर्दीत इतके बेमालूम तर्कदुष्ट वाक्य मी दुसरे ऐकले नाही; परंतु त्याला गुण देणारे सारे प्रवासीच होते.

यावरूनच आपला वाद सुरू झाला आणि तो अपुरा राहिला. मी म्हणायचे, पद्धत चुकीची असेल, भावना तर खरी आहे. माणसे वाईट नाहीत. तू डब्यातली चटणी माझ्याकडे सरकवत म्हणालीस, "विमल, तुझ्या डोक्यावर बसमध्ये एक दांडी आहे. ब्रेक लागला की तू ती धरतेस. ती कुणी दया म्हणून लावलीय का? दर शनिवारी चौघांनी तुला खांद्याला धरून उभं केलं असतं, दांडी काढून टाकली असती, तर तू म्हणाली असतीस का, भावना खरी आहे?" मी म्हणाले, "तुलना बरोबर नाही." तू म्हणालीस, "का नाही ते उद्या सांग." मी आजवर विचार करते आहे, एस्तेर. ते कारण मला सापडलेले नाही. हे तुला सांगून तुझा तो विजयी, किंचित असह्य चेहरा पाहायचा होता, आणि मग तू म्हणाली असतीस, "ठीक आहे, आता माझी पिशवी धर. खुर्ची नको, पिशवी."

चांगुलपणाविषयी मला तू एवढे एकच शिकवलेस आणि ते पुरेसे आहे: ज्याला मदत करायची त्याला आधी विचारावे, काय धरू?

तो शनिवार अमावास्येचा होता. मी बसमध्ये नव्हते. मला सारे गोरखने सांगितले. तो माझ्या दारात आला, आत ये म्हटले तरी आला नाही, चपलाही न काढता उंबऱ्यापाशी उभा राहिला.

"बाई, त्यांनी निगतानाच इचारलं हुतं. म्हनल्या, गोरख, पट्टा? मी म्हनलं, बाई, आज अमावस्येची लई गर्दी हाय, सोमवारपास्नं नक्की लावतो. त्या हसल्या. म्हनल्या, सोमवारी तर मला कुनी धरत बी न्हाई."

मी पाणी दिले, त्याने ते हातातच ठेवले.

"भाऊसायेब आन् तिघं धरून उबे हुते. लई घट धरलं हुतं, खोटं न्हाई बोलनार. पर फाट्यावर गाडी वळली, आन् तुमाला म्हाईतच हाय, वळली की समदे देवाच्या बाजूला हात जोडत्यात. त्यांनी बी जोडले. चौघांनी येकदम. आन् तवाच समोरनं उसाची ट्राली आडवी आली. डायवरनं ब्रेक मारला. खुर्ची गेली बाई. सरळ गेली, दाराच्या खांबावर. मी तिकडं तिकिटं फाडीत हुतो."

"आणि भाऊसाहेब?" मी विचारले.

"ते तसंच हात जोडून उबे. मला म्हनले, आमी फकस्त नमस्कार केला रं."

ते खरे आहे, आणि म्हणूनच त्यांची कीव करण्याची माझी शक्ती संपली आहे. आठ हातांनी एका माणसाचा जीव धरलेला होता आणि त्या आठही हातांना त्याहून महत्त्वाचे काम आठवले. कुणी तुला ढकलले नाही. कुणाच्या मनात पाप नव्हते. पुण्याच्या मागे लागलेली इतकी निष्पाप माणसे एकत्र जमली की मधे अडकलेल्या माणसाने कुणाकडे दाद मागावी?

दवाखान्यात तू डोळे उघडलेस, पण बोलली नाहीस. मी मात्र बोलत होते. तुझ्या वर्गातल्या मुलांनी काळ्या फळ्यावर तुझ्यासाठी काहीतरी लिहिले आहे, असे सांगितले. ते खोटे होते. नंतर मी शाळेत जाऊन पाहिले तेव्हा खरे झालेले होते. तेवढ्यासाठी त्या मुलांचे उपकार.

तू गेल्यानंतरचे आठ दिवस जर तू पाहिले असतेस, तर पुढची कितीतरी वर्षे आपल्याला डब्यासोबत विषय पुरला असता. आगारातले साहेब म्हणाले, "पट्टा उपलब्ध होता. सुविधा दिलेली आहे. वापर करणे न करणे प्रवाशांवर आहे." त्यांच्या आवाजात दुःख नव्हते, सुटका होती. दफनाच्या वेळी तुमच्या पाळकांनी सांगितले की ही देवाची योजना होती आणि ती आपल्याला समजत नाही. बाहेर फाटकाशी भाऊसाहेब अनवाणी उभे होते, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "बाई, शनिवार, अमावस्या, देवाच्या वाटंवर. असं मरन नशिबात लागतं." दोन धर्मांच्या माणसांमध्ये इतके एकमत मी आयुष्यात प्रथमच पाहिले. जी गोष्ट एका पट्ट्याने टळली असती, तिच्यासाठी एवढ्या देवांना कामाला लावावे लागले.

शोकसभा शाळेच्या पटांगणात झाली. मी चार शब्द लिहून दिले नाहीत. प्रकृतीचे कारण सांगून मागे बसले. भाऊसाहेब बोलताना रडले, खरेच रडले. मग डोळे पुसून त्यांनी घोषणा केली की तुझ्या स्मरणार्थ 'एस्तेरबाई सेवा पथक' स्थापन होत आहे. दर शनिवारी बसमध्ये बारा तरुण राहतील आणि अपंग भाविकांना उचलतील, धरतील, दर्शन घडवतील. टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी बसलेला तुझा भाऊ हळूच मला म्हणाला, "विमलताई, आठ हात कमी पडले, असं यांचं म्हणणं आहे का?" मला हसू आले, एस्तेर. तुझ्या शोकसभेत मी तोंडाला पदर लावून हसले आणि लोकांना वाटले, बाईंना हुंदका आवरत नाही.

मागच्या शनिवारी मी मुद्दाम त्या बसने गेले. पथकातली मुले आली होती. अंगात नवी जाकिटे, पाठीवर तुझे नाव. नगरच्या स्थानकावर एक म्हातारे गृहस्थ आपल्या सुनेसोबत चाकांच्या खुर्चीतून आले. दवाखान्यातून घरी, शिंगणापूरलाच निघाले होते. त्यांना देवदर्शन नको होते, फक्त घर हवे होते. मुले पुढे धावली. तेवढ्यात गोरख खाली उतरला, फळीला लाथ घालून ती त्याने उलगडली, खुर्ची एकट्याने वर घेतली आणि बाकाखाली हात घालून पट्टा बाहेर काढला. इतके दिवस पडून त्याचे कुलूप गंजले होते. गोरख तोंडाने फुंकर मारीत गुडघ्यांवर बसून राहिला.

"ओ कंडक्टर, घंटी मारा! आरती चुकंल आमची!"

"आरं, पोरं हायती ना धरायला? कशाला येळ घालवतो?"

"ह्याला आज लई कायदा सुचलाय!"

भाऊसाहेब समजुतीच्या स्वरात म्हणाले, "गोरख, राहू दे बाबा. बारा पोरं हायती."

गोरखने मान वर केली नाही. "घंटी माज्या हातात हाय," तो म्हणाला. "पट्टा बसल्याबिगर वाजनार न्हाई. बसा समदे."

माझा आवाज वर्गाबाहेर कधी गेला नाही, याची तू किती चेष्टा केलीस. मी उठून त्या सूनबाईंच्या हातातली पिशवी तेवढी धरली. कुलूप अखेर लागले. गोरखने खुर्ची दोन्ही हातांनी हिसकून पाहिली. ती हलली नाही. मग घंटी वाजली. फाट्यावर गाडी वळली, साऱ्यांनी हात जोडले, पथकातल्या बारा मुलांनीही जोडले, आणि ते म्हातारे गृहस्थ आपल्या जागी स्वस्थ बसून होते.

पण आरती चुकली होती. सोमवारी भाऊसाहेबांनी आगारात तक्रार केली: भाविकांचा खोळंबा, कंडक्टरची अरेरावी. साहेबांनी ती तत्परतेने ऐकली. ज्या आगाराला तुझ्या मृत्यूत करण्याजोगे काही सापडले नाही, त्याला वीस मिनिटांच्या उशिरावर लगेच उपाय सापडला. काल गोरख मला बाजारात भेटला. "बाई, मला राहुरीच्या लायनीला टाकलं," तो म्हणाला. "शनिवारला दुसरा गडी हाय. पट्टा कुठं ठिवलाय ते त्याला दावलं. पर त्यो नवा हाय, लोकं वरडली की घाबरंल."

एस्तेर, तुला निरोप देताना काहीतरी भारदस्त म्हणावे असे वाटले होते, पण तू ते खोडले असतेस. तुझ्याशिवाय रविवार फार लांब झाले आहेत, इतकेच. आता तुझी परवानगी गृहीत धरून, ज्यांना मी ओळखत नाही त्या वाचकांना मी एक विचारते. येत्या शनिवारी तुम्ही कुठल्यातरी बसमध्ये बसलेले असाल, तुम्हाला उशीर होत असेल, आणि एखादा नवखा कंडक्टर गुडघ्यांवर बसून कुणाच्या तरी खुर्चीला पट्टा लावत असेल. तर तो लावून होईपर्यंत तुम्ही गप्प बसून राहाल का?